रद्द झालेला सामना

कोराडी रोडवरच्या एका कॉलेजात गोपिका मेश्राम इतिहास शिकवायची. कॉलेजच्या निवडणुकीवरून मुलांच्या दोन गटांत डोकी फुटली, तेव्हा कबड्डीचा अंतिम सामना तिनेच हट्टाने रद्द करायला लावला. मैदानाला कुलूप लागलं. त्या दुपारी वर्ग तिच्याकडे असा पाहत होता, जणू डोकी तिनेच फोडली होती.

ती शिकवत राहिली. रोमचं साम्राज्य आतून पोखरलेलं, सेनापती एकमेकांच्या जिवावर उठलेले. व्हॅन्डल टोळ्यांनी आफ्रिकेचा किनारा गिळत आणलेला. तिथलं रोमचं मोठं शहर कार्थेज तेवढं उरलं होतं. व्हॅन्डलांशी तह झालेला, म्हणून शहर निर्धास्त.

"व्हॅन्डलांचा राजा गेसेरिक चालून आला. इकडे लोक रथांच्या शर्यतींत दंग," ती म्हणाली. "बाहेर मरणाऱ्यांचा आक्रोश आणि आतला जल्लोष एकमेकांत मिसळून गेला, असं त्या काळच्या एका पाद्र्याने लिहिलंय."

"मग उठले काहून नाही ते?" मागच्या बाकावरून विहंगने विचारलं. त्याच्या कपाळावर अजून पट्टी होती. आवाजात कुतूहल नव्हतं, कुरापत होती.

"ऐकू आलं असेल. जल्लोषातून वेगळं ओळखू आलं नसेल."

तेवढ्यात मैदानातून आरोळी उठली. शेकडो गळ्यांची.

मुलं खिडक्यांकडे धावली. गोपिकाही गेली. खाली मैदान रिकामं होतं. चुन्याच्या रेषांवर जवळच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांतली राख बसली होती आणि त्या राखेत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. आरोळी मात्र तिथूनच येत होती.

पहिल्या बाकावरची प्रीती टाळ्या वाजवू लागली. मग सगळेच. सगळ्यांच्या नजरा एकदम डावीकडे जात, एकदम उजवीकडे येत.

"काय पाहून राहिले तुम्ही?"

"मॅच," विहंग मागे न वळता म्हणाला. "तुम्हीच बंद केली होती ना? पाहा आता."

तिने त्याचा दंड धरून ओढला. त्याने हात असा झटकला की ती बाकावर आदळली. कुणी वळूनही पाहिलं नाही.

आणि तेव्हा त्या जल्लोषाखालून तिला दुसरा आवाज ऐकू आला. रस्त्याच्या बाजूने. बायकांचा. लेकरांचा.

ती जिन्यावरून धावत सुटली.

कॉलेजचं फाटक सताड उघडं होतं. चौकीदार देवाजी खुर्चीत ताठ बसला होता.

"देवाजी, फाटक लावा!"

"आता काय लावता मॅडम. थे तं आत गेले. आमचे लोक मॅच पाहून राहिले म्हने, मंग मी उघडलं."

"कोण ते?"

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "बोली काही समजली नाही. पन काय म्हनून राहिले, थे समजलं मले."

रस्त्यावर कुणी नव्हतं. एक ट्रकसुद्धा नाही.

मग सगळं शांत झालं.

तिने वर पाहिलं. खिडक्यांत मुलं होती. तोंडं उघडी, हात हातांवर जोरात आपटत होते. आवाज नव्हता.

पाहता पाहता ती सगळी दोन्ही बाजूंना सरकली आणि खिडकीत कुणाला तरी उभं राहायला जागा करून दिली.