एक वीत वर

आयोनाच्या कचेरीत येताच टेसाने आधी खिडकीचा पडदा ओढला, मग बाळाचं पांघरूण सैल केलं. एल्सी झोपेतच ओठ हलवत होती.

"कोणी मागे आलंय का?" आयोनाने विचारलं.

"माहीत नाही. काल डोंगरात माझ्या नवऱ्यावर, रीडवर, कोणीतरी गोळी झाडली. टोपीच्या एक वीत वर पाइनची फांदी तुटली. रीड म्हणतो, कुठल्या परक्या शिकाऱ्याची भरकटलेली गोळी असेल. आणि उद्या पुन्हा त्याच माणसांबरोबर वर निघालाय."

"ओळखीची माणसं ना? मग बरंच आहे की," मर्ल म्हणाला.

टेसाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो निमूटपणे कॉफी ढवळू लागला. मर्ल आयोनाची गाडी चालवायचा. आयोना पूर्वी वनरक्षक होती. आता आयडाहोच्या या गावात खासगी तपास करायची.

"शिकारीच्या झोपडीवर कोण कोण होतं?"

"रीडचा भाऊ गार्थ. बंदुका दुरुस्त करणारा ऑरिन. माझं आधी त्याच्याशी लग्न ठरलं होतं. आणि शेजारचा ड्वेन, कुंपणावरून भांडणारा. रीड दरीपलीकडे झऱ्याचा पाइप साफ करत होता. हे तिघे आपापल्या कामात. कोणी कोणाला पाहिलं नाही."

"गार्थचं काय?"

"सासऱ्यांनी राँच दोघांच्या नावे ठेवलंय. दोघांपैकी जो मागे जिवंत राहील त्याचं सगळं. गार्थला विकायचंय, रीडला नाही. पण रीड म्हणतो, गार्थने झाडली असती तर मी आज जेवायला नसतो. त्याचा नेम चुकत नाही, हे सगळ्या खोऱ्याला माहीत आहे."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

टेसाने बाळाच्या मानेखालचा हात बदलला. "मला एवढंच माहीत आहे, की काल हिला अंघोळ घालताना मी स्वयंपाकघरातला दिवासुद्धा लावला नाही."

राँचवर रीडने पेटीतून वडिलांची रायफल काढून दिली. "काल ही झोपडीत माझ्या बाकड्याखाली होती. ऑरिनने साफ करून दिल्यापासून मी एकही गोळी झाडलेली नाही."

आयोनाने नळीत चिंधी सारली. ती काळी होऊन बाहेर आली. मग तिने स्कोपवरची, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीवरची, अंतराप्रमाणे फिरवायची चकती हळूहळू मागे फिरवली, ओठांत मोजत. टिक, टिक. शून्यावर यायला अठ्ठेचाळीस लागल्या.

"भरकटलेली नव्हती तर," मर्ल पुटपुटला. त्याने उगाचच खांद्यावरून मागे पाहिलं.

ऑरिन दुकानात कानस चालवत होता.

"चाप हलका केला. नळी दस्त्यात घट्ट बसवली. स्कोप नवा. डोंगरात लांबवर मारायचं तर जुन्यावर भागत नाही. जुन्याची टिक बारीक होती. याची एकेक टिक गोळीला जास्त वर नेते, जवळजवळ दीडपट म्हणा ना. पण बाहेरून बाबांचीच दिसली पाहिजे, नाहीतर मजा जाईल, असं रीडचं टुमणं. म्हणून हुबेहूब तसाच स्कोप शोधला. कोणाला सांगायचं नाही, अशी शपथसुद्धा घातली होती त्याने."

"टेसावर राग आहे?"

"होता. मग तिच्या हातचं मटण खाल्लं. रीडची दया आली."

ड्वेन कुंपणाशीच भेटला. "चकत्या? ती पोरांची थेरं! मी आजवर एकदाही फिरवली नाही. जनावर लांब असलं की जरा वर धरायचं आणि देवावर सोडायचं."

गार्थ तबेल्यात होता. हसतमुख, उंच माणूस.

"बाबा झोपेतून उठवून विचारायचे. झोपडीच्या ओट्यावरून सुळका? तेवीस टिका. झरा? अठ्ठेचाळीस. रीडचं कायम चुकायचं, बिचारा!"

आयोनाही हसली. गाडीत बसल्यावर मात्र तिने मर्लला म्हटलं, "आधी शेरीफचा माणूस. मग राँच. लवकर."

ते पोचले तेव्हा गार्थ स्वयंपाकघरात बसला होता आणि एल्सी त्याच्या मांडीवर होती. तो तिला बोट चोखायला देत होता. रीड टेबलाशी कॉफी ओतत होता. टेसा ओट्याला पाठ टेकून उभी होती, पांढरीफटक.

"टेसा, बाळाचा लंगोट ओला दिसतोय," आयोना सहज म्हणाली.

टेसा पुढे झाली. हात पसरले. गार्थने एल्सीला आणखी एकदा उडवलं. झेललं. मग दिलं. टेसा भिंतीपर्यंत मागे गेली तेव्हा कुठे आयोना बोलली.

"गोळी या घरातल्याच रायफलीची होती. झाडणाऱ्याने चकती अठ्ठेचाळीस टिका फिरवली. ड्वेन चकतीला हात लावत नाही. ऑरिनला नव्या स्कोपचा हिशेब पाठ आहे. त्याने कमी फिरवली असती आणि रीड मेला असता. अठ्ठेचाळीस हा आकडा जुन्या स्कोपचा. तो तोंडपाठ असलेला, आणि स्कोप बदललाय हे माहीत नसलेला माणूस एकच आहे."

"पण गार्थचा नेम चुकत नाही!" रीड ओरडला.

"चुकलाच नाही. त्याने तुझ्या छातीवर धरला होता. नव्या टिकांनी गोळी तुझ्या डोक्यावरून नेली. तू खडकाआड पडलास, कोणाची तरी चाहूल लागली, म्हणून त्याने घाईत रायफल पेटीत कोंबली. चकती शून्यावर आणायची राहिली."

मर्लने जीभ चावली. "म्हणजे चांगला नेमबाज होता म्हणूनच..."

"म्हणूनच."

गार्थ रीडकडे वळला.

"कशाला बदललास स्कोप?"

"तुझ्यासाठी," रीड म्हणाला. "शिकार संपली की ती रायफल तुला देणार होतो."

शेरीफचा माणूस आत आला. गार्थ त्याच्यासोबत मुकाट बाहेर गेला. खुंटीवर त्याचा कोट राहिला होता. रीडने तो काढला आणि दाराकडे निघाला. "बाहेर बर्फ पडतंय," एवढंच म्हणाला.

टेसा आडवी आली. एका हातात एल्सी, दुसऱ्याने तिने कोट ओढून घेतला आणि मर्लच्या अंगावर टाकला.

"तुम्ही द्या."

मर्ल बाहेर पडताच तिने दाराला कडी घातली आणि कडीवरचा हात तसाच ठेवून उभी राहिली.