काचघरातली करवंदं

"माझी करवंदं चोरीला गेली," मीनाक्षीकाकूंनी चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं.

अवधूतला हसू आवरेना. मिल्टन कीन्समध्ये सायकली चोरीला जातात हे त्याला ठाऊक होतं, पण करवंदं? आसावरीने मात्र गाडीची किल्ली उचललीसुद्धा. खासगी डिटेक्टिव्हगिरीत ती त्याची बॉस होती.

वाटेत काकूंनी सगळं सांगितलं. दीनानाथकाका आंबोलीचे, म्हणून काकूंनी मोठ्या हौसेने कन्झर्व्हेटरीत, म्हणजे घराला जोडलेल्या काचघरात, करवंदाची जाळी वाढवली. बारा महिने हिरवीगार, पण फळ धरलं ते यंदाच. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून काका जिना उतरायला धजत नव्हते. घर विकून फ्लॅट घ्यायचा, सोमवारी एस्टेट एजंट येणार.

"त्याआधी ह्यांना आपल्या जाळीची करवंदं खायला घालायची होती गं. काल मी ईलिंगला गेले आणि मागे कुणीतरी डल्ला मारला." काकू म्हणाल्या.

कन्झर्व्हेटरीच्या खिडकीत अर्धी अर्धी चावलेली करवंदं पडली होती. एका ढिगात आतून लाल, दुसऱ्यात पांढरी.

"पक्षी?" अवधूतने विचारलं.

"पक्षी ढीग लावत नाहीत रे."

खालच्या खोलीत राहणारा भाडेकरू अपूर्व म्हणाला, "मी नागपूरचा, आम्ही संत्रीवाले. मी मूठभर तोंडात टाकली असती. अर्धं अर्धं कोण खातं?"

नात सिया शेजारच्याच गल्लीतली. "मी फक्त किचनमध्ये आली होती. झाडावरचा बेरीज खायचा नाही, टीचरनी सांगितला आहे."

काकांना भेटायला वर जाताना अवधूतचा हात कठड्याला चिकटला.

"परवाच तर पुसलाय," काकू पुटपुटल्या.

काका हात पांघरुणात घालून पडले होते. "मला काय विचारता? मी कुठे खाली उतरतो?"

आसावरीने सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"करवंद तोडलं की चीक येतो. अपूर्वची खोली खाली, सिया किचनपर्यंतच आली, काकू ईलिंगला. मग चिकट हाताने कठडा धरून वर कोण आलं? राहिले ते ढीग. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. जाळीत हुंदडत वाढलेल्या माणसालाच करवंद चावून ते बघायची खोड असते. काका, हात दाखवता?"

हातावर काट्यांचे ताजे ओरखडे होते.

"ही बाहेर गेली की चोरून जिना उतरायचा सराव करायचो," काका ओशाळून म्हणाले. "जमलं नसतं तर हिला उगाच आशा लागली असती. काल पहिल्यांदाच तळाला पोचलो. समोर जाळी दिसली, राहवलं नाही."

रागवावं की रडावं हे काकूंना कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

काकांनी उशीखालून मूठ बाहेर काढली. "एक ठेवलंय. सांग, कोंबडा की कोंबडी?"

"कोंबडा."

त्यांनी करवंद अर्धं चावून दाखवलं. आत पांढरं होतं. काकू हरल्या, आणि डोळे पुसत, हसत, एजंटला नको सांगायला खालच्या फोनकडे निघाल्या.

त्यांच्या मागोमाग, कठडा धरून, काकाही उतरले.