भोंगा वाजलाच नाही

"माझ्या नवऱ्याला कोणी मारलं, तेवढं सांगा," असं म्हणून साळूबाई खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खालीच बसली.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या शाझिया मोमीनच्या खाजगी तपासाच्या कचेरीत येणारी माणसं सहसा विम्याच्या भानगडी घेऊन यायची. खून क्वचितच. लहानू थेटे सावरून बसले. उभी हयात हवालदारकीत घालवून ते शाझियाच्या हाताखाली लागले होते. दोन हजार सात साल उजाडलं तरी कॉम्प्युटरला हात लावायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा, पण चेहरा पाहून चोर ओळखतो हा तोरा मात्र शाबूत होता.

प्रकरण त्यांनी पेपरात वाचलं होतं. पिंपळगाव बसवंतच्या एका शीतगृहात अमोनिया वायू गळला आणि सुरगाण्याहून हंगामी कामाला आलेला बुधा आत गुदमरून मेला. हवेतला वायू पंचवीसच्या वर गेला की भोंगा वाजावा, असा आकडा तिथल्या कॉम्प्युटरमध्ये बसवलेला होता. अपघातानंतर पाहिलं, तर पडद्यावर त्या जागी एकशे ऐंशी. आकडा कोणीतरी चढवून ठेवला होता, म्हणून भोंगा गप्प राहिला. पोलिसांनी ऑपरेटर नईमवर गुन्हा दाखल केला.

"नईमनंच केलं म्हणतात ना?" लहानूंनी विचारलं.

"तोंडाला वल्लं फडकं बांधून तो आत घुसला. बुधाला त्यानंच वढून आणलं. त्याची सोताची छाती जळली. जो मारंल, तो वाचवायला आत कशाला जाईल?"

लहानूंनी खाकरून खिडकीबाहेर पाहिलं.

"त्या दिवशीचं आठवेल तेवढं सांगा," शाझिया म्हणाली. "आदल्या दिवसापासून."

"आदल्या दिशी सुट्टी व्हती, अवसेची. शेठ अवसेला माल आत घेत नाय. महिन्यातून तेवढीच एक सुट्टी आमाला. बुधा बाजारात गेला नि पोरीला फ्रॉक आणला. मोठाच झाला तिला. मी बोलले त्याला त्यावरनं." तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "सकाळी दिंडोरीचा टेम्पो आला, पयलाच. थराला वीस क्रेट, नऊ थर. समदे त्यानं एकट्यानं उतरवले नि आतल्या खोलीत लावायला गेला. मी बाहेर द्राक्षाचे घड खुडत व्हते. वास आला, पण वास तर रोजचाच. मंग आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला."

लहानूंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

दुपारी दोघं पिंपळगावला पोचले. मॅनेजर साई तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, चहा मागवण्यात तत्पर.

"आधी बारीक गळती असणार, मग पाइप फुटला," तो म्हणाला. "भोंगा बारीक गळतीलाच वाजायला पाहिजे होता. बुधा चालत बाहेर आला असता, मॅडम."

"पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक होता?"

"नईमला. आणि मला." साईने रुमालाने मान पुसली. "पण मी त्या दिवशी नाशकात होतो, बँकेत. विचारा हवं तर."

लहानूंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्यांच्या मते चोर सापडला होता.

"नईमचं आणि भोंग्याचं काही वाकडं होतं?" शाझियाने विचारलं.

"उगाच वाजतो म्हणून वैतागायचा. हा बंदच करून टाकला पाहिजे, असं चारचौघांत बोलला होता. आणि कटकट तरी किती! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणे, आकडा आपोआप बदलला. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. दोन्ही वेळा त्यानंच परत पंचवीस केले. मी म्हटलं, कॉम्प्युटरला काय भूत लागलंय का?"

"कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असतो?"

"आता असतो. या हंगामात शेठनं नवा जनरेटर बसवला, लाईट गेली की डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू. आधी पहाटे लोडशेडिंग झालं की सगळंच बंद पडायचं. यूपीएसची बॅटरी जेमतेम मिनिटभर टिकते. सणावारी तेवढी लाईट जायची नाही, ती सरकारची मेहेरबानी."

बाहेर पडल्यावर लहानू म्हणाले, "याच्यातच पाणी मुरतंय, मॅडम. रुमाल पाहिलात ना?"

"पाहिला, काका. घाबरलेला माणूस घाम पुसतोच. त्याला नोकरीची भीती आहे."

सरकारी दवाखान्यात नईमच्या खाटेपाशी एक शिपाई पेंगत होता. नईम जेमतेम पंचविशीचा. चार शब्द बोलून धाप लागायची, मग पुन्हा नळी नाकाशी.

"मी फक्त पहिल्या टेम्पोचा माल कॉम्प्युटरात चढवला, ताई. क्रेटचा आकडा टाकला आणि कंप्रेसर बघायला गेलो. दुसरं काही छेडलं नाही."

"पोळ्याला आणि दिवाळीलाही तू फक्त माल चढवला होतास?"

"हां. सकाळचा पहिलाच. पडद्यावर बघितलं तर भोंग्याचा आकडा बदललेला. मी दोन्ही वेळा प्रोग्रामवाल्या ताईंना कळवलं. इंटरनेटवर तक्रारीचं पान असतं त्यांचं." तो थांबला. छताकडे बघत म्हणाला, "सगळे म्हणतात मशीन स्वतःहून काही करत नाही. ते फौजदारसाहेब पण हेच बोलले. शायद हात लागला असेल माझा?"

"तुला आठवतं का तसं?"

"नाही. पण इतके लोक झूठ बोलतील का?"

खोटा जबाब देणारे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. स्वतःच्या खऱ्यावरचा विश्वास असा डोळ्यांदेखत उडून जाताना पाहणं त्यांना सोसवेना. ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

रूपाली गंगापूर रोडला राहायची. अंबडच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून तिने शीतगृहांसाठी 'शीतल' नावाचा प्रोग्राम लिहिला होता. कोणीही फुकट न्यावा, आत काय लिहिलंय ते वाचावं, चूक दिसली तर सुधारावी, असा सगळा उघडा कारभार. देशोदेशीची माणसं त्यात हातभार लावत. लहानूंना हे ऐकूनच संशय आला. फुकट देणाऱ्याच्या मनात काहीतरी असतंच, हा त्यांचा अनुभव.

शाझियाने तिच्यापुढे एक छापील कागद ठेवला. पोलिसांनी पुरावा म्हणून लावलेला. नईमच्या तक्रारीखाली रूपालीचंच उत्तर होतं, सगळ्या जगाला दिसेल असं: 'वापरणाऱ्याकडून आकडा चुकून बदलला गेला असावा. तक्रार बंद.'

रूपालीचा चेहरा उतरला. "हे कोर्टात जाईल असं मला कुठे ठाऊक होतं?"

"बंद का केली?"

"कारण माझ्याकडे तसं होतच नाही! मी हयगय केली नाही हो. पोळ्यापासून हे मशीन इन्व्हर्टरवर अखंड चालू आहे." तिने कोपऱ्यातल्या घरघरत्या डब्याकडे बोट दाखवलं. "रोज त्यात खोटे टेम्पो येतात, खोटे क्रेट चढतात. रविवार नाही, सण नाही. जर्मनीतल्या एकानेही महिनाभर असंच करून पाहिलं. आकडा तसूभर हलला नाही. मेमरीची चूक असेल म्हणून ओळ न् ओळ चाळली. जी चूक डोळ्यांपुढे घडतच नाही, ती शोधायची कुठे? शेवटी मी हात टेकले."

"रोज टेम्पो येतात? एकही दिवस चुकत नाही?"

"एकही नाही."

शाझिया उठून त्या डब्यापाशी गेली. मग म्हणाली, "उद्या त्याला सुट्टी द्या. एकही टेम्पो आत घेऊ नका, पण मशीन बंदही करू नका. परवा सकाळी एकच टाका, आणि मला फोन करा."

तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे जमले. तपास करणारे फौजदार घड्याळाकडे बघत आले. साई भिंतीला चिकटून उभा होता. साळूबाई नईमच्या दाराशी बसली होती. रूपाली कोणाच्याच नजरेला नजर देत नव्हती.

"आकडा तीनदा बदलला," शाझियाने सुरुवात केली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, आणि बुधा गेला त्या दिवशी. काका, पोळा कधी असतो?"

"श्रावणाच्या अवसेला."

"लक्ष्मीपूजन?"

"तेही अवसेलाच." बोलता बोलता लहानूंची जीभ अडखळली. "आणि बुधाच्या आदल्या दिवशी..."

"अवस होती. साळूबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं."

फौजदार हसले. "म्हणजे करणी झाली म्हणता?"

"नाही, सुट्टी झाली. अवसेला शेठ माल आत घेत नाहीत. त्या दिवशी कॉम्प्युटरमध्ये एकही नोंद पडत नाही. जगातल्या कोणाच्या चाचणीत असा रिकामा दिवस आला नाही, कारण चाचणी घेणाऱ्यांना आपली अवस ठाऊक नाही."

"अवस दर महिन्याला येते," साई पुटपुटला. "मग इतर वेळी का नाही झालं?"

"तुम्हीच सांगितलंत. पहाटे लोडशेडिंग व्हायचं, कॉम्प्युटर बंद पडून नव्याने सुरू व्हायचा. नव्याने सुरू झाला की मेमरीतलं जुनं सगळं पुसलं जातं. सणाला लाईट गेली नाही, म्हणून चूक दोनदा डोकावली. नवा जनरेटर आला आणि कॉम्प्युटर बंद पडेनासा झाला. त्यानंतरच्या पहिल्याच अवसेने बुधाला नेलं."

"पण आकडा बदलला कसा?" फौजदारांनी विचारलं. आता ते घड्याळ पाहत नव्हते.

"एक बिऱ्हाड खोली सोडून गेलं, असं समजा. खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. पण दूधवाल्याला कोणी सांगितलंच नाही. तो सकाळी येतो आणि दारातल्या पातेल्यात दूध ओतून जातो. पातेलं दुसऱ्याचं, त्यात काय होतं याची त्याला फिकीर नाही. दिवसाचा माल लिहायला प्रोग्राम मेमरीत एक जागा घेतो. दिवस रिकामा गेला, तर मध्यरात्री ती जागा तो परत करतो. त्याच वेळी भोंग्याचे आकडे नव्याने मांडले जातात, आणि मोकळी झालेली तीच जागा त्यांना मिळते. पण माल लिहिणाऱ्या भागाकडे जुना पत्ता तसाच राहतो. सकाळी नईमने पहिल्या टेम्पोचे क्रेट टाकले. ते त्या पत्त्यावर गेले."

"थराला वीस, नऊ थर," साळूबाई हळूच म्हणाली.

लहानूंनी मनातल्या मनात गुणाकार केला. एकशे ऐंशी. बुधाने स्वतःच्या खांद्यावरून उतरवलेले क्रेट भोंग्याच्या जागी जाऊन बसले होते.

"मी आज सकाळी नव्वद क्रेटचा एकच टेम्पो टाकला," रूपालीचा आवाज फाटला. "भोंग्याच्या जागी नव्वद आले. पोळ्यापासून शोधत होते मी. परत दिलेल्या जागेचा पत्ता पुसायची एक ओळ राहिली होती. एकच ओळ."

आतून नईमची धाप ऐकू येत होती.

"चला, सुटला की मग पोरगा!" लहानू उसन्या उत्साहाने म्हणाले.

फौजदारांनी टोपी काढून हातात घेतली. "त्यानं काल जबाब दिलाय. चुकून आपला हात लागला असेल, असं कबूल करून सही केलीय. आता तुमचं हे दूधवाल्याचं कोर्टात सांगा. मी आडवा येणार नाही, पण तारखा पडत राहतील. तोवर त्याची छाती..."

शाझिया आत गेली, खाटेपाशी वाकली आणि नईमला म्हणाली, "तुझा हात लागला नव्हता. सिद्ध झालं."

नईमने मान हलवली. लहान मुलाची समजूत काढणाऱ्याकडे पाहावं तसं तो तिच्याकडे पाहत होता. "बरं, ताई," एवढंच तो म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि आता तो बसेल असंही लहानूंना वाटेना.

बाहेर रूपाली साळूबाईपुढे बसली होती. पाया पडायला वाकली, तशी साळूबाईने पाय मागे घेतले.

"त्यानं दोनदा सांगितलं तुला," साळूबाई म्हणाली.

"हो."

"तू मुद्दाम केलंस?"

"नाही हो."

"मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं. शिव्या तरी घातल्या असत्या तुला." साळूबाई उठली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच लहानूंना तिथे थांबवेना.

ते तिला सुरगाण्याच्या जीपपर्यंत सोडायला गेले. आजवर दर प्रकरणाच्या शेवटी त्यांच्यापाशी एक नाव असायचं. नाव सांगितलं की घरच्यांचा आक्रोश एका दिशेने वळायचा. आज शाझियाने सगळं उलगडून दाखवलं होतं, एक धागा शिल्लक ठेवला नव्हता, आणि लहानूंना त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता.

"दादा," जीपमध्ये चढता चढता साळूबाई वळली. "सासू दारातच बसली असंल. इचारंल, कोणी मारलं माझ्या पोराला? मी काय सांगू?"

लहानूंनी तोंड उघडलं. अवस, लाईट, जनरेटर, दूधवाला, ती न लिहिलेली ओळ, सगळं जिभेवर आलं, आणि यातलं काहीच त्या म्हातारीला सांगता येण्यासारखं नाही हे त्यांना कळलं. मागून दोन बाया गाठोडी घेऊन चढल्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला. साळूबाईने थोडा वेळ वाट पाहिली, मग ती आत सरकून बसली.