मधले चाळीस फूट

'ग्लेनेस्क' जहाजावर मी अकरा वर्षं सुतार होतो. तळाशी किती पाणी साचलं ते रोज दोनदा मोजून वहीत लिहायचं, हे माझं काम. हेही त्याच वहीत पाहून लिहितो आहे.

स्कॉटलंडात क्लाइड नदीवर बांधलं तेव्हा ते देखणं जहाज होतं. श्रीमंत लोक त्यातून न्यूयॉर्कला जात. पुढे अधिक वेगवान जहाजं आली. मग मालकांनी ते गोदीत मधोमध कापलं, दोन्ही भाग दूर ओढले आणि मध्ये चाळीस फुटांचा नवा तुकडा जोडला. तेव्हापासून ते गरिबांना अमेरिकेला नेऊ लागलं.

कापण्याआधीचा सुतार मर्डो. तो जहाजाच्या तळात पडून मेला होता. वाटेत कुणी मेलं की त्याची शवपेटी सुतारच करतो. खलाशी म्हणत, मर्डोची पावलं ज्या दाराशी थांबतात, तिथं पेटी लागते. ती पावलं मीही ऐकली होती. जहाजाच्या पुढच्या टोकाकडून येत, जोडापाशी तुटत, आणि चाळीस फूट सोडून पलीकडे पुन्हा सुरू होत. नवा तुकडा त्याला ठाऊकच नव्हता.

सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझी नऊ वर्षांची मुलगी एल्स्पेथ बरोबर होती. तिला आई नाही, त्यात छातीचं दुखणं. तिला न्यूयॉर्कपलीकडे होबोकनला मावशीकडे पोचवायचं होतं.

प्रवाशांच्या खोल्या मिसेस लॉगन पाहत. "काय रे रेनी, पोरगी राणी आहे का तुझी? मधलीच खोली हवी म्हणे!"

"राणीच आहे. द्या ना, बाई."

त्या हसायच्या थांबल्या. "मर्डोमुळे?... बरं. घे किल्ली."

सहाव्या दिवशी धुकं इतकं दाटलं की दुपारीच दिवे लावावे लागले. भोंगा सारखा वाजत होता. खोल्यांमधल्या बोळात कोळशाचा आणि ओल्या लोकरीचा वास. एल्स्पेथ तापानं फणफणली होती. मी पाणी आणायला बाहेर आलो आणि पावलं ऐकली.

ती जोडापाशी थांबली. मी श्वास सोडला.

टक.

लाकडी मोजपट्टीची घडी उघडल्याचा आवाज. तो मी ओळखणार नाही तर कोण? बोळ रिकामा होता. पट्टी जमिनीवर टेके, उचलली जाई, पुन्हा टेके... जवळ. तो नवा तुकडा मोजत येत होता.

मी दाराला पाठ लावली. "मर्डो... माझी एकुलती एक आहे रे."

आवाज माझ्या बुटांपर्यंत आला. मग आत एल्स्पेथचा खोकला एकदम थांबला. दार ढकललं, उघडेना. किती वेळ गेला ते वहीत नाही. मग पावलं मागच्या टोकाकडे गेली, या वेळी कुठेही न तुटता.

दार उघडलं. पोर उठून बसली होती. कपाळ गार.

"बाबा, ते आजोबा कोण होते?"

"कुठले?"

"त्यांनी मला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं. म्हणाले, एवढ्याशा पेटीसाठी लाकूड कापवत नाही. वाढ जरा, मग येतो."

मी समुद्र सोडला, होबोकनलाच राहिलो. जहाज परदेशात भंगारात मोडल्याची बातमी आली, त्या दिवशी मी चर्चमध्ये जाऊन आलो.

एल्स्पेथ आता पंधराची आहे. ताडमाड वाढते. परवा सकाळी अनवाणी चौकटीला टेकून उभी राहिली.

"बाबा, मोजा ना!"

"पट्टी सापडत नाही."

"राहू दे, मीच खूण करते." तिनं वर हात नेला आणि थबकली. "अगंबाई... इथं आधीच कुणीतरी खडूनं रेघ मारलीय."

मी पाहिलं. तिच्या केसांच्या वर, फक्त एक बोट.