पाऱ्याचा काय दोष!

दुकानासमोरच्या पोरानं शेवंतीचा हार उचलला, डोळे मिटले आणि नाकाला लावून चांगला लांब श्वास घेतला.

रागिणीनं हार खसकन ओढून घेतला. “झालं! हुंगलेला हार देवाले चालते का?”

“आँ? मी तं नुसता वास घेतला…”

“तेच म्हणून राहिली मी. सगळा वास तुमीच घेतल्यावर देवानं काय घ्यायचं? जा, नाही विकायचा.”

“दुसरा द्या मंग.”

“दुसराही नाही.”

“आत्ता तं हासून बोलून राहिल्या होत्या!”

“तेव्हा होती. आता नाही.”

पोरगा तोंडात मारल्यासारखा निघून गेला. शेजारच्या दुकानातली कौशल्या मावशी पुटपुटली, “आलं हिच्या अंगात!”

तिवशाजवळच्या मळ्यातून उत्तमराव पहाटे फुलं पाठवायचे. त्यांची ही लेक सकाळभर अमरावतीच्या फुलबाजारात हार विकायची आणि दुपारी बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जायची. अख्ख्या बाजारात तिची ख्याती एकच, पोरगी कामाची, पण मूडी. तिची आई शकुन तर पाहुण्यांसमोरच म्हणायची, “नावातच राग हाय बाप्पा हिच्या!” दोन स्थळं त्याच्यापायी गेली. गेली तर गेली! रागिणीला स्थळांचं काडीचं दुःख नव्हतं. तिला डाचायचा तो शब्द. एकदा मूडी म्हटलं, की ‘काहून रागावली गं?’ असं कारण विचारायची कुणाला गरजच उरायची नाही.

दुपारी क्लासमध्ये पाहते तर काय, तोच पोरगा फळ्यापाशी उभा! नवा होता, अकोल्याच्या जुन्या शहरातला, क्लाससाठी इथं खोली करून राहिलेला, नाव अंकुर. ललिता मॅडमच्या क्लासची रीतच होती. नव्यानं एक चिठ्ठी उचलायची आणि तिच्यातला इंग्रजी शब्द आपल्या आयुष्यातल्या वाक्यात वापरून दाखवायचा. अंकुरला शब्द आला ‘मर्क्युरियल’.

“म्हणजे पाऱ्यासारखा,” मॅडमनी सांगितलं. “घडीत वर, घडीत खाली. लहरी, चंचल. पण चपळ, तरतरीत असाही अर्थ होतो, बरं का.”

अंकुरनं झोकात वाक्य लिहिलं. आज सकाळी भेटलेली फुलवाली मर्क्युरियल होती, कारण नसताना चिडली. वर्ग खो खो हसला.

“कारण नसताना?” मागच्या बाकावरून आवाज आला.

अंकुर वळला आणि त्याच्या हातातला खडूच पडला.

“मॅडम, शब्द बरोबर हाय, वाक्य चूक हाय,” रागिणी उभी राहिली होती. “उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जाते. तवा आपण पाऱ्याले लहरी म्हणतो, का उन्हाले शिव्या देतो? पारा उगाच नाही चढत. ऊन कोनं पाडलं, ते या पोरालेच विचारा!”

आता वर्ग अंकुरला हसला. त्यानं मुकाट्यानं ‘कारण नसताना’ पुसलं. बाकीचं वाक्य मात्र तसंच ठेवलं, आणि जागेवर जाताना तिच्याकडे पाहून… हसला. रागिणीला भयंकर राग आला, आणि का कोण जाणे, तो राग दिवसभर गोडच लागत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा बाजारात. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

“नाक घरी ठेवून आलो,” तो म्हणाला. “आता तरी हार द्या.”

“देवासाठी?”

“देवासाठीच. पण खरं सांगू… दर्शन इथंच होते.”

रागिणीनं फुलांवर मारायचं पाणी त्याच्याच तोंडावर मारलं!

मग रोजचंच झालं. क्लास सुटल्यावर टपरीवरचा चहा व्हायचा आणि तिथं तो त्याच शब्दाचं नवं वाक्य ऐकवायचा. एक दिवस ती चहा अर्धा ठेवून तोंड फिरवून बसली. अंकुर उठून गेला नाही. समजूतही घालत बसला नाही. आपला चहा संपवून त्यानं हळूच विचारलं, “काहून गं… काय झालं?”

तिचे डोळेच भरून आले. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं! त्या क्षणी ती त्याची झाली. त्याला ते सांगायला मात्र तिनं आणखी महिनाभर लावला, मूड नव्हता म्हणून.

पण प्रेम टपरीवर होतं आणि लग्न घरात. अंकुरचं घर काळ्या कसदार वावरवाल्या शेतकऱ्यांचं, हिचं माळ्याचं; जात आडवी आली. उत्तमराव म्हणाले, “तिकडून हो आलं, तं माझी ना नाही.” अंकुरचे वडील किसनराव बरेच दिवस फुगून बसले. शेवटी एवढ्यावर आले, की मी गुपचूप चौकशी करीन, पोरीबद्दल एक शब्द वाकडा ऐकला की विषय संपला.

अंकुर धावतपळत आला. “बाबा आजकालमधी येतीन. चार दिवस गोड राह्य ना, रागिणी. कौशल्या मावशीलेही सांगून ठेव.”

“चार दिवस गोड राह्यली, तं जन्मभर काय करू?”

“मले तू हरवायची नाही. एवढंच…”

“मंग मीच हाव ती. चार दिवसाची दुसरी नाही!”

ती उठून गेली. रडू आलं, ते पार घरी पोचेपर्यंत थांबलं नाही. पोरगा खरंच हवा होता तिला!

दोन दिवसांनी एक उंच म्हातारा दुकानापाशी थांबला. खांद्यावर दुपट्टा, पायांत धुळीनं माखलेल्या वहाणा. त्यानं हार उचलला, डोळे मिटले आणि नाकाला लावून लांब श्वास घेतला.

“काकाजी! हुंगलेला हार देवाले चालते का?” रागिणी ओरडली आणि ओरडता ओरडताच तिला त्या चेहऱ्यात अंकुर दिसला. तेच मिटलेले डोळे, तेच नाक!

“चुकलं, पोरी.” म्हाताऱ्यानं हार खाली ठेवून आवाज बारीक केला. “अकोल्याहून आलो. इथं उत्तमरावायची पोरगी बसते म्हणते. ओळखते का तिले? कशी हाय?”

पलीकडून कौशल्या मावशी डोळ्यांनी खुणावत होती, चांगली म्हण, चांगली म्हण! एक गोड वाक्य, आणि अंकुर तिचा होता. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही.

“लय मूडी हाय, काकाजी,” रागिणी म्हणाली.

मावशीनं कपाळाला हात लावला.

“म्हंजे?”

“हासता हासता गप्प होते. गिऱ्हाईक परत पाठवते. राग आला तं जेवत नाही, अन् कधी कधी तं राग काहून आला, ते तिचं तिलेही समजत नाही. पण खोटं हासत नाही. बारा महिने एकसारखी सून पाहिजे असन, तं प्लॅस्टिकची फुलं तिकडच्या गल्लीत भेटते.”

म्हातारा एक पाऊल पुढे सरकला. “अन् आमच्या पोरावर जीव हाय का तिचा?”

“लय हाय, काकाजी. त्यानं तिले पहिल्यांदा… काहून म्हणून विचारलं. त्याच्यासाठी ती खोटं बोलली, तं मंग त्याले भेटली कोन?”

किसनरावांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. “पुतण्यायसाठी, भाच्यायसाठी लय पोरीयच्या चौकशा केल्या म्या. जिथं तिथं एकच उत्तर, पोरगी गाय हाय गाय! अन् घरात आली, का मंग शिंगं. आधीच शिंगं दाखवणारी पहिल्यांदा पाह्यली.” ते गालात हसले. “शेजारणीले एवढं माहीत नसते पोरी. तूच ना ती?”

तिनं मान हलवली. ताठच.

“भावकीचं मी पाहून घेईन,” असं म्हणून त्यांनी कोपऱ्याकडे हाक मारली, “अंक्या! ये बाहेर!”

बापाच्या मागं मागं आलेला अंकुर फुलांच्या टोपल्यांआडून बाहेर आला, मान खाली घालून. “मी चुकलो. गोड राह्य म्हटलं तुले.”

“हाव. चुकलाच.”

“मंग… आता काय म्हणते?”

“आता मूड नाही.”

अंकुरचा चेहरा पडला. किसनराव दुपट्ट्यात खोकले. रागिणीनं त्यांनी हुंगलेला तो शेवंतीचा हार उचलला आणि भर बाजारात, सगळे डोळे विस्फारून पाहत असताना, अंकुरच्या गळ्यात घातला.

“घे आता पोटभर वास,” ती म्हणाली. “हा देवाचा नाही.”