उशिरा थांबणारा आवाज

“एवढ्या पैशात मिळतं काय नक्की? जाड प्लास्टिक?”

हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. बाहेर सर कोसळली म्हणून तो मामाच्या रेकॉर्डच्या दुकानात शिरला होता. केसांतून पाणी गळत होतं, आणि पायपुसण्यावर उभ्या उभ्याच त्यानं जवळच्या फळीवरची सगळ्यात महाग रेकॉर्ड उचलली होती.

“जाड प्लास्टिकच,” मी म्हटलं. “पण ओल्या हातानं धरलीय तुम्ही. आता घ्यावीच लागेल बहुतेक.”

“धमकी?”

“विनंती. धमकी मामा देतो.”

तो हसला. हसताना माझ्या ओठांकडे बघत होता... आणि मी उगाचच बिलाचं पुस्तक सरळ केलं.

खरं सांगायचं तर तो प्रश्न मलाही रोज पडायचा. पुठ्ठ्यावर तेच चित्र, आत तीच गाणी. साधी प्रत कुणालाही परवडेल अशी, आणि जाड प्रतीचा भाव ऐकून माणसं आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे बघायची. मामाचं यावर ठाम मत होतं. “दहातल्या सात जाड रेकॉर्डी नुसत्याच जाड असतात, भाचेबाई. वजनानं गाणं सुधारत नाही. उरलेल्या तीन मात्र मूळ फितीवरून नव्यानं काढलेल्या असतात, निगुतीनं. त्यांना पैसे मोजावेत, पण फरक कळेल त्यानंच. बाकीच्यांनी साधी न्यावी आणि उरलेल्या पैशात बरे बूट घ्यावेत.”

म्हणून दुकानात एक नियम होता. जाड प्रत हवी असेल तर गिऱ्हाइकानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मी मागे दोन्ही प्रती वाजवायच्या, मनात येईल त्या क्रमानं. कुठली जाड ते ओळखलं तर विक्री, नाहीतर साधी घेऊन घरी. धंदा बुडवायचा याहून सोपा मार्ग नाही असं मी मामाला कितीदा सांगितलं, पण तो ऐकेल तर मामा कसला!

“उभे राहा,” मी त्याला म्हटलं. “शाळेत राहायचात तसे.”

“शाळेत मी वर्गाबाहेर असायचो.”

भिंतीवर दुकान उघडलं त्या दिवसाचा मोठा फोटो होता, काचेच्या चौकटीत. त्याच्यासमोर तो हात मागे बांधून उभा राहिला. मी एक वाजवली, मग दुसरी.

“दुसरी,” तो म्हणाला.

बरोबर. मी पुन्हा क्रम बदलला. बरोबर. पुन्हा. तेही बरोबर! मामा आतून हात पुसत बाहेर आला. “अरे, हा तर कानसेन आहे!”

तेच नाव पडलं त्याला. जाताना त्यानं दार उघडण्याआधी मला विचारलं, “पाऊस गेला का?”

छपराचा पत्रा नुसता तडतडत होता. काय पण बहाणा, मला वाटलं. अजून थांबायचंय म्हणून विचारतोय. “गेला केव्हाच,” मीही चेष्टेनं म्हटलं, आणि तो खरंच बाहेर पडून चिंब भिजला. मला दिवसभर हसू येत होतं.

*

मग तो येतच राहिला. घरांचे नकाशे काढायचं काम होतं त्याचं, बोटांना कायम पेन्सिलीचं काळं लागलेलं. ते काम आटोपून संध्याकाळी यायचा. यायचा आणि नेहमी माझ्या डाव्या हाताला उभा राहायचा, थोडा माझ्याकडे झुकून. मी काही बोलले की मान वळवून चेहऱ्याकडे एकटक बघायचा. असं कुणी आजवर माझं बोलणं ऐकलं नव्हतं. आमच्या घरात तर चहा झाला हे सांगायलासुद्धा मला दोनदा ओरडावं लागायचं.

“असा काय बघतोस?” ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं कळलंच नव्हतं.

“तू बोलतेस छान.”

“मी आत्ता पोस्टाच्या तिकिटांबद्दल बोलत होते.”

“तेच तर... पोस्टाची तिकिटंसुद्धा छान.”

मी त्याच्या प्रेमात पडले होते. आधी त्याच्या कानांच्या पडले असेन, मग बाकीच्याच्या. ज्या माणसाला दोन रेकॉर्डींमधला एवढासा फरक कळतो त्याला माझ्या मनातलं कळायला कितीसा वेळ लागणार, असं माझं गणित होतं.

त्याला हवी होती एकच रेकॉर्ड. जुनी समूहगीतं, मागे आठ बायकांचा मेळ. त्यांतली एक त्याची आई. पुठ्ठ्यावर तिचं नाव नव्हतं. तो शाळेत असतानाच ती गेली होती.

“आई प्रत्येक गोष्टीत उशीर करायची,” त्यानं मला सांगितलं. “स्टेशनवर उशिरा, जेवायला उशिरा. बाबा म्हणायचे, गाण्यातसुद्धा ही सगळ्यांच्या मागून पोचली. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी सगळ्या जणी थांबतात ना, आई क्षणभर नंतर थांबते. तेवढा क्षण तिचा एकटीचा आहे. पण घरच्या साध्या प्रतीत तिथं नुसती खरखर ऐकू येते.”

त्या रेकॉर्डची मूळ फितीवरून नवी जाड प्रत निघणार होती. मामाच्या दुकानासाठी एकच येणार होती, आणि ती कानसेनचीच हे मामानं आधीच जाहीर करून टाकलं होतं. “आल्यावर भिंतीकडे उभं मात्र राहायचं हां. नियम म्हणजे नियम.”

तोवर सराव म्हणून तो दर संध्याकाळी भिंतीकडे तोंड करायचा. मी वाजवायची, तो ओळखायचा. एकदाही चुकला नाही.

*

आणि मग दुकानाला रंग काढला. भिंतीवरचं सगळं उतरवून आत ठेवलं होतं. तो आला तेव्हा ओल्या रंगाचा वास होता. कोऱ्या भिंतीसमोर उभा राहताना तो जरासा घुटमळला. मी दोन्ही प्रती वाजवल्या.

तो काहीच बोलला नाही.

“काय रे? झोपलास?”

“पहिली...?”

चूक. मामा म्हणाला, होतं असं, रंगाच्या वासानं डोकं चढतं, पुन्हा लाव. मी पुन्हा लावली.

“पहिली,” तो पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा चुकला. मी मोठ्यानं हसले. “कानसेन, आज कान घरी विसरलास वाटतं!”

तो वळला. चेहरा पांढरा पडला होता. “काम आहे थोडं,” एवढंच पुटपुटला आणि बाहेर पडला.

मी मागोमाग धावले. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या डाव्या बाजूला येऊन मी हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. आणखी मोठ्यानं मारली, रस्त्यावरच्या दोन माणसांनी वळून पाहिलं, पण तो तसाच चालत राहिला. मला राग आला... एवढ्याशा चेष्टेचा एवढा रुसवा? मी धावत पुढे जाऊन त्याच्या वाटेत उभी राहिले.

“हाका मारतेय ना मी!”

तो माझ्या ओठांकडे बघत होता. नेहमीसारखा. आणि एकदम मी त्याच्या कानाकडे पाहिलं.

“डावा कान लहानपणीच्या तापात गेला,” तो म्हणाला. “उजवाही चाललाय. डॉक्टर म्हणतात, हळूहळू पूर्ण जाईल. बारीक आवाज आधी जातात. यंत्र लावून बघितलं, आवाज मोठा होतो पण स्वच्छ होत नाही.”

“पण तू ओळखायचास! रोज ओळखायचास...”

“त्या फोटोच्या काचेत तू दिसायचीस. जाड रेकॉर्ड लागली की तू डोळे मिटतेस. तुला माहीत नाही, पण मिटतेस. साधी लागली की माझ्या पाठीकडे बघत बसतेस.” तो कसंनुसं हसला. “मला पहिल्या दिवसापासून एकदाही फरक ऐकू आला नाही. सांगितलं असतं तर मामांनी रेकॉर्ड दिली नसती... आधी तेवढंच कारण होतं. नंतर वाटलं, सांगितलं तर तू अशी बघशील. आत्ता बघतेयस ना, तशी.”

मी डोळे पुसले. पावसाचं पाणी आहे असं दाखवायचा प्रयत्न केला, पण तेवढा पाऊसच नव्हता.

“म्हणजे तू माझ्याकडे बघायचास ते... ऐकू येत नाही म्हणून?”

“ते होतंच,” तो म्हणाला. “आणि तुला वाटत होतं, तेही होतं.”

एवढं बोलून तो गेला, आणि मी त्याला जाऊ दिलं.

*

रेकॉर्ड आली तेव्हा तो नव्हता. त्यानं यायचंच बंद केलं होतं. मामानं निरोप धाडला तर उत्तर आलं, फरक कळत नसेल त्यानं घेऊ नये, नियम आहे.

मामाला मी सगळं सांगितलं होतं. त्यानं भिंतीवर पुन्हा टांगलेला फोटो रुमालानं पुसला, मग पुन्हा पुसला. “आग लागो माझ्या नियमाला,” तो म्हणाला. “तशीच दे त्याला.”

“तशी तो घेणार नाही,” मी म्हटलं. तेवढा मला तो कळला होता.

मी त्याच्या कचेरीत गेले. उंच टेबलावर वाकून तो कुणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी काढत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला, उजेडात उभी राहिले आणि सावकाश म्हटलं, “ती रेकॉर्ड मला विकत घ्यायचीय. मी भिंतीकडे तोंड केल्यावर वाजवायला कुणीतरी हवं. मामाचे हात थरथरतात.”

मामाचे हात मुळीच थरथरत नव्हते. त्यालाही ते माहीत होतं. पण त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

इतकी वर्षं मी दुकानात होते, पण त्या भिंतीसमोर कधी उभी राहिले नव्हते. मामा दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिला. मागे कानसेननं घरून आणलेली साधी प्रत लावली. खरखर, गाणं, खरखर. मग दुसरी. मी सहज काचेत पाहिलं.

तो माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं दोन्ही तळवे स्पीकरच्या लाकडावर ठेवले होते, मान खाली घातली होती, आणि त्याचे खांदे हलत होते. हाताला काही लागतंय का ते शोधत होता. आईला शोधत होता तो. मी डोळे मिटले. त्याला तसं चोरून बघायचा मला हक्क नव्हता.

तिसऱ्या गाण्याचा शेवट आला. सात जणी मिळून थांबल्या... आणि एक राहिली. स्वच्छ, एकटी, किंचित धाप लागल्यासारखी. सगळ्या दाराबाहेर पडल्यावर चप्पल शोधणाऱ्या बाईसारखी. मग तीही थांबली.

“जाड,” मी म्हटलं.

मी ते तेवढंच पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा, पुन्हा, गळ्यात पक्कं बसेपर्यंत. मग त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या उजव्या कानाला ओठ टेकवून ती ओळ म्हटली. मी काही गाणारी नाही. बाकीच्या सात जणी थांबतात तिथं मी त्याच्या हातावर एक टिचकी मारली, आणि सूर तसाच धरून ठेवला, क्षणभर जास्त.

तो हसला. गालांवरून पाणी ओघळत असताना हसला. “उशीर केला...”

“हो. केला.”

“आवाज असाच होता का गं तिचा?”

खोटं बोलणं फार सोपं होतं. “नाही,” मी म्हटलं. “तिचा बारीक आहे, गोड आहे. सूर तिचा, आवाज माझा.”

“मला तिचा आवाज आठवतच नाही आता,” तो म्हणाला. “कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. तुझाही जाईल तसाच. तू समोर बोलत असशील, आणि मी...”

“तू बघशील,” मी त्याचा चेहरा माझ्याकडे वळवला. “मी डोळे मिटले की समजायचं, चांगलं काहीतरी वाजतंय. एवढं तर येतं ना तुला? मला तू हवायस. कानांसकट, कानांशिवाय, कसाही.”

त्यानं कपाळ माझ्या कपाळावर टेकवलं. मामा अजून रस्त्याकडेच बघत होता, आणि रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

“मग बोलत राहा,” तो म्हणाला. “ऐकू येतंय तोवर.”

“काय बोलू?”

“काहीही. रेकॉर्डींचे भाव सांग.”

मी त्याच्या उजव्या कानाशी वाकले आणि वरच्या फळीपासून सुरुवात केली. साधी एवढ्याला, जाड एवढ्याला. साधी एवढ्याला, जाड एवढ्याला. मध्येच मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.