कुंपणापलीकडून दिलेली दुनळी

ते ओलं लाकूड बाजूला सारा, धूर होतोय. हां. ही गोष्ट लाइल प्रुइटनं स्वतः मला सांगितलेली आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं होतो.

मंगळवार होता. लाइल गोठ्यामागं ट्रॅक्टरचं तेल बदलत होता. फोन वाजला. भावजय होती, व्हर्ना, थोरल्या हार्लनची बायको.

"हार्लन गेला रे. कॉफी ओतता ओतता." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्या वडलांची बंदूक तेवढी आणून दे. चार वर्षं वाट पाहिली त्यानं."

बंदूक कसली, साधी कामचलाऊ दुनळी. म्हाताऱ्यानं महायुद्धानंतर हार्डवेअरच्या दुकानातून, खिळे आणि तार घेताना उचललेली. नक्षी नाही की काही नाही. कोल्हे, साप, ससे, थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की, त्या घराचं सगळं तिनंच भागवलं. पुढं ती हार्लनकडे आली. लाइलनं शिकारीच्या एका हंगामापुरती मागून नेली, मग दोघांत वाजलं, आणि परत करायची राहिली.

"काका, भूत कुठंय यात?"

"येतंय. तू आधी तोंडातला घास गिळ."

त्या घरचा एक नियम होता. कुंपणाशी आलं की बंदूक मधून वाकवून उघडायची, काडतुसं काढायची, मगच दुसऱ्याच्या हाती द्यायची. आणि घेणारा 'धरली' म्हणेपर्यंत देणाऱ्यानं सोडायची नाही. लाइल आठ वर्षांचा असताना हार्लननंच त्याला ती पहिल्यांदा अशी दिली होती.

बुधवार, तेरा नोव्हेंबर. रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी लाइल निघाला. हार्लनकडे गावातली माणसं बसलेली. त्यांच्यादेखत ती बंदूक घेऊन रस्त्यानं जायची लाज वाटली, म्हणून शेतातून. ओढ्याकाठी मोकाट कुत्री असतात, म्हणून दोन्ही नळ्या भरलेल्या.

कुंपण आलं. तारेखालून त्यानं बंदूक पलीकडं सारली. बंद. भरलेली. वडलांनी पाहिलं असतं तर कानाखाली वाजवली असती.

मग स्वतः वाकून पलीकडं गेला. गवतात हात फिरवला.

नव्हती.

पुन्हा फिरवला...

खट्.

बंदूक उघडल्याचा आवाज. तो त्याला झोपेतही ओळखू आला असता.

मग दस्ता तळहाताला लागला. कुणी हातात द्यावा तसा. लाइलनं बोटं मिटली. ओढली.

सुटेना.

दुसऱ्या टोकाला जोर नव्हता. नुसतं धरलेलं... थांबलेलं.

कशासाठी, ते त्याला कळलं. एक शब्द हवा होता. त्यानं तोंड उघडलं...

आवाज फुटला नाही.

हात सोडून तो पळाला.

सकाळी मला घेऊन गेला. बंदूक कुंपणाला टेकवलेली, उघडी. खांबाच्या माथ्यावर दोन काडतुसं उभी, शेजारी शेजारी, न उडवलेली.

"हार्लन अशीच ठेवायचा," लाइल म्हणाला. पण बंदुकीला हात लावला नाही.

बंदूक मीच उचलून व्हर्नाकडं नेली, लाइल मागून आला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग त्यानं ती तुला दिली, लाइल. घेऊन जा."

बंदूक अजून व्हर्नाच्या स्वयंपाकघराच्या दारामागं उभी आहे. लाइल दर रविवारी तिथं जेवायला जातो. 'धरली' असं त्यानं अजून म्हटलेलं नाही.